अंथरुणावरच्या रुग्णाचे सांधे मोकळे ठेवताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात दुपारच्या वेळी वॉर्डात गेले, की दर चार-पाच खाटांमागे एका खाटेच्या पायथ्याशी कोणीतरी रुग्णाचे पाय चेपत बसलेले दिसते. कधी ती सून असते, कधी मुलगा, कधी गावाकडून रात्रीच्या मुक्कामापुरता आलेला पुतण्या. हे हात थकलेले असतात, पण थांबत नाहीत. कारण लकवा मारलेल्या, मणक्याला मार लागलेल्या किंवा दीर्घ आजाराने उठता न येणाऱ्या माणसासाठी आपण नेमके काय करावे हे कोणी सांगितलेले नसते आणि नुसते बसूनही राहवत नाही. या भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला सतत वाटत आले आहे, की याच हातांना योग्य पद्धत दाखवली तर रुग्णाचे पुढचे कित्येक महिने सुकर होतील. पाय चेपल्याने रुग्णाला बरे वाटते, पण त्याने सांधा हलत नाही. आणि न हललेला सांधा काही आठवड्यांतच आखडू लागतो.

रुग्णाला स्वतःहून हातपाय हलवता येत नसतील, तेव्हा दुसऱ्या माणसाने त्याचा एकेक सांधा त्याच्या नैसर्गिक कक्षेत हळूहळू फिरवणे याला निष्क्रिय हालचाल किंवा रोजच्या बोलण्यात पॅसिव्ह व्यायाम म्हणतात. यात रुग्णाचे स्नायू काम करत नाहीत, म्हणून या हालचालींनी ताकद वाढत नाही, हे नातेवाइकांनी सुरुवातीलाच समजून घ्यावे. सांध्याच्या आतील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते आणि तो द्रव हालचालीमुळे सर्वत्र पसरतो. टोरोंटोचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात याच विचारातून सांधा सतत हलवत ठेवणारे यंत्र पुढे आणले. गुडघ्याच्या काही शस्त्रक्रियांनंतर ते यंत्र आजही लावले जाते. मात्र आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांच्या वाट्याला येतात ते घरच्यांचे दोन हात, आणि ते पुरेसे आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली अशा हालचालींवरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा या हालचालींनी सांधे आखडणे टळते की नाही हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. २०१७ साली स्नायू ताणण्याविषयी घेतलेल्या आढाव्यात तर नुसत्या ताणण्याने फारसा फरक पडत नसल्याचेच दिसले. तरीही मी या हालचाली शिकवते, आणि विचारपूर्वक शिकवते. रोज दोनदा प्रत्येक सांधा हातात घेणाऱ्या माणसाला टाचेवरची लाली, पोटरीची सूज, तळहातातला ओलावा आणि स्नायूतला वाढता ताठरपणा इतरांच्या आधी कळतो. मात्र दिवसातून वीस मिनिटे हातपाय हलवून उरलेला दिवस रुग्ण वेडावाकडा पडून राहिला, तर त्या वीस मिनिटांना अर्थ उरत नाही. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात रुग्णाला कसे झोपवावे याचा भाग हालचालींइतकाच महत्त्वाचा मानावा.

आधी विचारून घ्यावे

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनी परवानगी दिल्याशिवाय आणि एकदा समोर करून दाखवल्याशिवाय सुरुवात करू नये. अतिदक्षता विभागातील रुग्ण, पक्षाघाताला अजून एक-दोन दिवसही न झालेला रुग्ण, रक्तदाब वरखाली होणारा रुग्ण यांना तर आपणहून हात लावूच नये. हाड मोडून अद्याप जुळलेले नसेल, सांधा निखळलेला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, सांधा गरम व लाल झाला असेल किंवा त्या जागी उघडी जखम असेल, तर तो सांधा सोडून द्यावा. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाच्या बाबतीत कोणत्या हालचाली टाळायच्या हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून असते. मागच्या बाजूने छेद घेतला असेल, तर साधारणपणे मांडी पोटाकडे नव्वद अंशांपलीकडे वाकवणे, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणे आणि पाय आतल्या बाजूला फिरवणे या तीन गोष्टी वर्ज्य असतात. मानेची हालचाल घरच्यांनी करू नये. मणक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा नियम विशेष कसोशीने पाळावा.

सगळ्यात जास्त काळजी पोटरीची घ्यावी. पडून राहिलेल्या माणसाच्या पायातील खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी किंवा मांडी सुजलेली, गरम, लालसर किंवा दाबल्यावर दुखरी वाटली, तर तो पाय हलवू नये, चोळू नये आणि लगेच सिस्टरांना दाखवावा. आपल्याकडे लकव्याच्या रुग्णाला कोमट तेलाने खसाखसा मालिश करण्याची पद्धत आहे, आणि कबुतराचे रक्त चोळण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यामागची माया मला समजते, पण गुठळी झालेल्या पायावर जोरकस मालिश केल्यास ती गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते आणि जीवावर बेतू शकते. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त येणे ही त्याची लक्षणे आहेत. रुग्णालयात असाल तर त्याच क्षणी हाक मारावी, घरी असाल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

तयारी

खान्देशातल्या एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी रुग्णाला हात लावला तरी त्याला घाम फुटतो. म्हणून या दिवसांत हालचाली पहाटेच्या गारव्यात आणि दिवे लागल्यानंतर कराव्यात. जेवणानंतर किंवा नाकातील नळीतून अन्न दिल्यानंतर निदान पाऊण-एक तास जाऊ द्यावा. वेदनाशामक औषध चालू असेल, तर ते दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात केल्यास रुग्णाला सोपे जाते.

हात धुवावेत, अंगठ्या व बांगड्या काढून ठेवाव्यात, नखे कापलेली असावीत. त्यानंतर सलाईनची नळी, लघवीची नळी, ऑक्सिजनची नळी कुठून कुठे जाते हे डोळ्यांनी पाहून घ्यावे आणि तेवढी ढील ठेवावी. लघवीची पिशवी रुग्णाच्या अंगावर ठेवून पाय हलवणे ही वॉर्डात नेहमी दिसणारी चूक आहे. पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली असली पाहिजे. चादर फक्त ज्या अवयवाचे काम आहे तेवढ्यापुरती दूर करावी. वॉर्डात पन्नास डोळे असतात, आणि बोलता न येणाऱ्या माणसालाही लाज वाटते.

खाट उंच करता येत असेल, तर आपल्या कमरेइतकी करावी. घरी खाट बुटकी असेल, तर वाकून काम करण्यापेक्षा एक गुडघा खाटेवर टेकवावा किंवा स्टुलावर बसावे. सेवा करणाऱ्याची कंबर गेली, तर त्या घरात दोन रुग्ण होतात.

यानंतर रुग्णाला काय करणार आहोत ते सांगावे. तो बेशुद्ध असला तरी सांगावे. येथे मला एक अनुभवाची गोष्ट नमूद करावीशी वाटते: "दुखत आहे का?" असे पुस्तकी मराठीत विचारले, की गावाकडचा रुग्ण डॉक्टरांसमोर बोलल्यासारखा "नाही, बरं आहे" असे म्हणून मोकळा होतो, पण मुलीने कानाशी जाऊन अहिराणीत "माय, दुखस का?" असे विचारले, की खरे उत्तर येते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून आलेल्या रुग्णांशी घरच्यांनी त्यांच्याच बोलीत बोलावे, हे मी आग्रहाने सांगते.

हाताची गती आणि थांबण्याची जागा

प्रत्येक सांध्यासाठी दोन हात लागतात. एक हात सांध्याच्या वरच्या भागाला आधार देतो, दुसरा खालच्या भागाला धरून हालचाल करतो. बोटांच्या टोकांनी चिमटीत धरू नये. पंजा पसरून, तान्हे मूल उचलताना धरतो तसे सैल पण भरवशाचे धरावे. सांधा हळू न्यावा, अडेल तिथे दोन-तीन सेकंद थांबावे आणि तितक्याच हळू परत आणावे. एका हालचालीच्या पाच ते दहा आवृत्त्या, दिवसातून दोन वेळा, एवढे बहुतेक रुग्णांना पुरते. चारही हातपायांचे काम घाई न करता साधारण अर्ध्या तासात होते.

अडणे दोन प्रकारचे असते आणि हा फरक हाताला कळायला चार दिवस लागतात. एक अडणे मऊ असते, ओली दोरी ताणल्यासारखे. तिथे थांबून श्वास दोन-तीनदा होऊ द्यावा आणि मग परतावे. दुसरे अडणे स्नायूच्या आवळण्याचे असते. पक्षाघात किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर स्नायू ताठर होतात आणि ते वेगावर चिडतात. जितके झटक्याने ओढाल तितके ते अधिक घट्ट होतात. असे झाले तर जोर न लावता, आहे त्या जागी स्थिर धरून थांबावे, ताठरपणा ओसरला की मग पुढे जावे. ओसरलाच नाही तर परत यावे. महिनोन्‌महिने आखडलेला सांधा एका दिवसात ओढून सरळ करून देणारे लोक गावोगावी असतात. अशा ओढण्याने पातळ झालेली हाडे मोडतात आणि स्नायू आतून फाटतात.

आपली नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असावी, हातावर नव्हे. भुवई आकसणे, श्वास रोखणे, मान वळवणे ही सगळी उत्तरेच आहेत. मात्र ज्या अवयवाची संवेदनाच गेली आहे, तिथे चेहरा काही सांगत नाही. तेव्हा आधी चांगल्या बाजूचा तोच सांधा किती जातो ते पाहावे आणि दुबळ्या बाजूला त्या मर्यादेच्या पलीकडे कधीही जाऊ नये.

खांदा

खांद्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण घरच्यांच्या हातून सर्वाधिक इजा याच सांध्याला होते. खांद्यातला चेंडू मोठा आणि खोबण उथळ असते. चेंडूला जागेवर धरून ठेवण्याचे काम भोवतालचे स्नायू करतात. लकव्यात हे स्नायू लुळे पडले, की हाताच्या वजनानेच चेंडू खाली सरकतो आणि खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढी खाच तयार होते. अशा वेळी मनगटाला धरून हात वर ओढला किंवा काखेत हात घालून रुग्णाला वर सरकवले, तर तो खांदा पुढे कित्येक महिने दुखत राहतो. वर सरकवायचे असेल तेव्हा रुग्णाच्या पाठीखाली आडवी चादर घालावी आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती चादर धरून रुग्णाला उचलावे.

रुग्ण उताणा असताना, ज्या हाताचे काम आहे त्या बाजूला उभे राहावे. एका हाताने कोपराच्या थोडे वर दंडाला खालून आधार द्यावा, दुसऱ्या हाताने मनगट व पंजा धरावा. रुग्णाचा अंगठा छताकडे असावा. आता हात सरळ ठेवून पुढून वर न्यावा, दंड छताच्या दिशेने उभा होईपर्यंत, म्हणजे नव्वद अंशांपर्यंत. निरोगी खांदा याच्या दुप्पट जातो, पण त्यासाठी पाठीवरचे खवाट्याचे हाड दंडाबरोबर फिरावे लागते आणि लुळ्या बाजूला ते आपोआप फिरत नाही. खवाटा हाताने फिरवत हात आणखी वर कसा न्यायचा, हे फिजिओथेरपिस्टने तुमच्या हातावर हात ठेवून शिकवले असेल तरच नव्वदच्या पुढे जावे.

त्यानंतर हात बाजूला न्यावा, गादीवरून सरकवल्यासारखा. हात खांद्याच्या पातळीकडे जाऊ लागला, की तळहात छताकडे वळवावा; तसे न केल्यास हाडाचा उंचवटा वरच्या हाडाखाली अडकतो आणि मधले स्नायुबंध चिरडले जातात. तिसरी हालचाल फिरवण्याची. दंड अंगापासून थोडा दूर गादीवर टेकलेला, कोपर काटकोनात वाकवलेले, आणि आपण मनगट धरून तळहात आधी पायांच्या दिशेने, मग डोक्याच्या दिशेने न्यायचा. डोक्याकडची ही फिरत पक्षाघातात सर्वांत आधी कमी होते, म्हणून ती रोज करावी. पण तिथेच दुखतेही सर्वांत आधी, म्हणून ती अगदी थोडी थोडी वाढवावी.

कोपरापासून बोटांपर्यंत

कोपर पूर्ण सरळ करावे आणि मग वाकवून रुग्णाचा पंजा त्याच्याच खांद्याकडे न्यावा. त्यानंतर कोपर काटकोनात ठेवून, हस्तांदोलन करतो तसा पंजा धरून, तळहात एकदा छताकडे आणि एकदा जमिनीकडे वळवावा. वळवताना मनगटाला पिळ पडू नये. आपली पकड मनगटाच्या थोडी वर असावी. मग मनगट मागे-पुढे आणि दोन्ही बाजूंना.

लकव्याच्या रुग्णाची मूठ बहुधा आवळलेली असते, अंगठा आत अडकलेला असतो. ही मूठ बोटांच्या टोकांना धरून उघडू नये. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवावे. त्याने बोटांचे स्नायुबंध ढिले पडतात आणि मूठ आपसूक सैलावते. मग अंगठा त्याच्या मुळाशी धरून बाहेर काढावा, त्यानंतर चारही बोटे एकत्र उघडावीत, आणि बोटे उघडी ठेवूनच मनगट हळूहळू सरळ करावे. मूठ उघडली, की तळहात ओल्या कापडाने पुसून बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करावा. मिटलेल्या मुठीत घाम साठून कातडी पांढुरकी होते, वास येऊ लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात याला दोन दिवससुद्धा पुरतात.

मानेच्या मणक्याला इजा झालेल्या रुग्णाचा नियम वेगळा आहे. यांच्यापैकी काहींना मनगट मागे उचलता येते आणि मनगट उचलले, की बोटे आपोआप मिटतात. पुढे याच युक्तीने ते पेला किंवा चमचा धरायला शिकतात. त्यासाठी बोटांचे स्नायुबंध थोडे आखूड राहणे आवश्यक असते. म्हणून या रुग्णांच्या बाबतीत बोटे सरळ आणि मनगट मागे अशी दोन्ही हालचाल एकाच वेळी कधीही करू नये. बोटे उघडताना मनगट खाली वाकलेले असावे, मनगट मागे नेताना बोटे मिटलेली असावीत. प्रेमापोटी बोटे रोज पूर्ण सरळ करणारा मुलगा वडिलांची ही पकड नकळत घालवून बसतो.

खुबा आणि गुडघा

एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली. गुडघा वाकवत मांडी पोटाकडे न्यावी, गुडघा आणि पायाचा अंगठा एका रेषेत ठेवावा, आणि दुसरा पाय गादीवर सरळच राहील याकडे लक्ष द्यावे. परत येताना गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. शेवटचे पाच-दहा अंश राहिले तर पुढे उभे राहताना ते फार महाग पडतात. मग पाय सरळ ठेवून बाहेरच्या बाजूला सरकवावा आणि मध्यावर परत आणावा. या वेळी गुडघ्याची वाटी छताकडेच असावी. शेवटी गुडघ्याच्या वर व खाली तळवे ठेवून, कणीक लाटतो त्याप्रमाणे, मांडी आत-बाहेर हलकेच फिरवावी. पाय जड असतो. पेलवत नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी बोलवावे, पण एका हाताने लटकता पाय धरू नये.

घोटा

येथे माझ्या हातून राहून गेलेली एक गोष्ट सांगते. रावेर तालुक्यातील एक केळी-बागायतदार लकव्याने दाखल झाले होते. त्यांच्या मुलाला मी खांदा, कोपर, गुडघा हे सर्व मन लावून शिकवले, त्यानेही वहीत चित्रे काढून घेतली. पण त्यांना घरी सोडण्याच्या दिवशी गडबडीत घोट्याचे शिकवायचे राहून गेले. तीन महिन्यांनी ते दाखवायला आले तेव्हा मांडी उचलत होते, धरून उभेही राहत होते, मात्र टाच जमिनीपासून दोन बोटे वर आणि सारा भार चवड्यावर. चप्पल पायात राहत नव्हती. मुलाने ती सुतळीने बांधली होती. ती सुतळी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून मी शिकवताना सुरुवातच घोट्यापासून करते.

पडून राहिलेल्या माणसाचे पाऊल स्वतःच्या वजनाने आणि चादरीच्या दाबाने पुढे झुकते आणि पोटरीचा स्नायू त्याच स्थितीत आखूड होतो. यासाठी रुग्णाचा गुडघा सरळ ठेवावा. आपल्या तळहाताच्या वाटीत त्याची टाच घ्यावी आणि आपला हाताचा पुढचा भाग, कोपरापर्यंत, त्याच्या तळपायाला लागून ठेवावा. आता टाच आपल्याकडे ओढता ओढता, आपल्या अंगाचा भार किंचित पुढे टाकून, चवडा नडगीच्या दिशेने दाबावा. नुसत्या चवड्यावर किंवा बोटांवर दाब दिला, तर घोटा हलतच नाही. पाऊल मधोमध वाकते आणि कालांतराने तळपायाची कमानच बिघडते. ताण लागेल तिथे वीस ते तीस सेकंद थांबावे, असे पाच वेळा करावे. हेच नंतर गुडघा थोडा वाकवून पुन्हा करावे, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि खोलवरचा थर गुडघा वाकल्यावरच नीट ताणला जातो.

ताठर पायात हे करताना पाऊल एकाएकी धडधड उडू लागते. घरचे घाबरतात किंवा "पायात जीव आला" म्हणून आनंदतात. हे दोन्ही नव्हे. ती ताठर स्नायूची प्रतिक्रिया आहे. दाब थोडा कमी करून पाऊल स्थिर धरले, की ती थांबते, आणि पुढच्या वेळी अधिक हळू दाबावे. त्यानंतर पाऊल आत-बाहेर वळवावे, बोटे वाकवून सरळ करावीत, आणि टाच उचलून तिच्या मागची कातडी रोज पाहावी.

उरलेला दिवस

आपल्याकडे घरी आणलेल्या रुग्णाला बाजेवर झोपवतात. बाज हवेशीर असते हे खरे, पण सैल झालेल्या बाजेत माणूस झोळीत पडल्यासारखा पडतो. खुबा व गुडघे चोवीस तास वाकलेले राहतात आणि वाकलेलेच आखडतात. दिवाण किंवा लाकडी पलंग असावा. नसेल तर बाजेवर फळी टाकून वर गादी घालावी. गुडघ्याखाली उशी दिली की रुग्णाला बरे वाटते, पण ती उशी कायम ठेवू नये. लुळा हात अंगाखाली दबू देऊ नये आणि खाटेबाहेर लोंबू देऊ नये. खांद्यापासून बोटांपर्यंत उशीवर थोडा उंच ठेवावा, म्हणजे पंजावर सूज येत नाही. पोटऱ्यांखाली गोधडीची घडी ठेवून टाचा अधांतरी राहतील असे करावे. टाचेखाली रबरी रिंग देऊ नये, कारण तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. पावले उभी राहतील अशा रीतीने पायथ्याशी घट्ट गुंडाळलेली गोधडी लावावी आणि पांघरूण पावलांवर ताणून खोचू नये.

दर दोन तासांनी कूस बदलावी. कुशीवर झोपवताना वरचा पाय पुढे घेऊन दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. मणक्याची इजा असेल, तर डोके, खांदे आणि कंबर एकदम वळतील अशा बेताने किमान तिघांनी मिळून वळवावे. घामाने भिजणाऱ्या रेक्झिनवर रुग्णाला थेट झोपवू नये. मधे सुती चादरीची घडी असावी आणि तिला सुरकुती नसावी.

रुग्णाचा वाटा

ज्या दिवशी हालचाल करताना रुग्णाच्या स्नायूने किंचित जरी साथ दिल्याचे जाणवेल, त्या दिवसापासून पद्धत बदलावी. "आता तुम्ही न्या, मी फक्त धरते" असे म्हणून थांबावे आणि त्याला वेळ द्यावा. पूर्ण अंथरुणात पडून राहिल्याने स्नायूंची ताकद दिवसाला सुमारे एक टक्का किंवा त्याहून अधिक घटते, आणि ती भरून काढण्याचे काम रुग्णाचा स्वतःचा प्रयत्नच करतो. तो कोपर अर्धे वाकवू शकत असेल, तर उरलेले अर्धे आपण करावे. घरच्यांना हे जड जाते. वडिलांना धडपडताना पाहवत नाही, म्हणून मुलगा पटकन हात पूर्ण उचलून देतो. त्याला मी मोठ्याने दहा आकडे मोजायला सांगते. बहुतेकदा सातव्या-आठव्या आकड्याला वडिलांचा हात हलतो.

सुट्टी होताना

सुट्टीच्या कागदावर "फिजिओथेरपी चालू ठेवणे" एवढेच लिहिलेले असते. त्यावर समाधान मानू नये. जो माणूस घरी प्रत्यक्ष करणार आहे, त्यानेच निघण्याच्या निदान दोन दिवस आधी येऊन शिकावे, आणि सर्व हालचाली फिजिओथेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवाव्यात. अनेकदा शिकतो पुतण्या आणि करते सून. मग पद्धत कानोकानी बदलत जाते. रुग्णाची व शिकवणाऱ्याची परवानगी घेऊन मोबाईलवर चित्रण करून ठेवावे. कोणती हालचाल करायची नाही, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे आणि खाटेच्या वरच्या भिंतीला चिकटवावे, म्हणजे भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा आपला उपाय करून पाहणार नाही.

घरी एक वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदा नोंद करावी: दंड किती वर गेला, गुडघा पूर्ण सरळ होतो का, पाऊल नडगीशी काटकोनात येते का. मागच्या आठवड्यापेक्षा एखादा सांधा कमी जात असेल, नव्याने सूज आली असेल, हालचालीनंतरचे दुखणे तासाभरात ओसरत नसेल किंवा कातडीवरची लाली दाबल्यावर फिकी पडत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा. मणक्याच्या वरच्या भागात इजा असलेल्या रुग्णाला एकाएकी डोके ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर हालचाल तत्काळ थांबवावी, त्याला बसते करावे, कपडे सैल करावेत आणि लघवीची नळी कुठे दबली वा पिळली आहे का ते सर्वांत आधी पाहावे. रक्तदाब धोकादायक रीतीने चढल्याचे ते लक्षण असते, आणि लगेच आराम पडला नाही तर १०८ ला फोन करण्यास उशीर करू नये.